कॉलेज घेताना झुलीवर भुलू नका

बारावीचा निकाल लागला की आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंच्या घरी एकच घोर लागतो: पोरांना कोठे घालावे? जाहिरातीतील इमारत पाहून बाप भुलतो व जमीन गहाण टाकतो. बंधूंनो, बैल घेताना तुम्ही दात पाहता. मग कॉलेज घेताना झुलीवर का भुलता?

शिकवूच नये असे आमचे म्हणणे नाही. शिकवावेच, पण आधी हिशोब मांडावा. फीखेरीज खोलीभाडे, खानावळ, पुस्तके हा खर्च निराळा. म्हणून सरकारी व अनुदानित कॉलेजे आधी पाहावीत. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली. घरचे उत्पन्न सालीना ८ लाखांच्या आत हवे. मात्र जागा सरकारी प्रवेशफेरीतूनच मिळाली पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतली की माफी बुडाली! दलाल हे सांगत नसतो.

विषय शेजाऱ्याचे पाहून ठरवू नये; जातीचा धंदा पाहून तर नाहीच. ज्याला शिकायचे त्यालाच विचारावे. यंत्रात जीव रमत असेल तर पदविका हलकी नव्हे; ती पुरी करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो.

जमीन विकून आणलेले नाव लेकराला पोसत नाही. अंगी आलेली विद्या पोसते. हे ध्यानी धरून मगच अर्जावर सही करावी.