वहीची दुसरी प्रत

२०२५ च्या दिवाळीत वहीपूजनासाठी सारे कुटुंब दुकानात जमले होते. पूजा आटोपली, पेढे वाटून झाले, आणि माझ्या दोन पुतण्यांत वाद पेटला. विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबरला संपले होते आणि दुकानातला जुना संगणक विंडोज ११ स्वीकारीत नव्हता. थोरला म्हणाला, "काका, नवा संगणक घेऊ. व्यापाऱ्याला विंडोजवाचून गत्यंतर नाही." धाकटा म्हणाला, "लिनक्स घालू. फुकट आहे, आणि मालकाला न विचारता काही बदलत नाही." दोघांचेही आवाज चढले. दिवाणजी मात्र एवढेच बोलले, "काहीही घ्या, पण अकरा तारखेला बंद पडू देऊ नका."

वाचकहो, दिवाणजींच्या बोलण्यात मर्म आहे. विंडोजच्या मासिक दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात आणि तो मंगळवार ८ ते १४ तारखांच्या दरम्यान येतो. मासिक जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेची. बिले चढवण्याची घाई आणि यंत्राची आपोआप होणारी डागडुजी यांची गाठ अशी वारंवार पडते. त्रासून कित्येक दुकानदार अद्ययावतीकरण कायमचेच बंद करतात. तेही तितकेच घातक आहे.

सोलापूरचा टॉवेल ज्या न्हावाशेवा बंदरातून परदेशी जातो, तेथलेच उदाहरण पाहा. जीएसटी लागू होण्याच्या अवघे चार दिवस आधी, २७ जून २०१७ रोजी, जगभर 'नॉटपेट्या' नावाचे विध्वंसक सॉफ्टवेअर पसरले आणि जेएनपीटीतील गेटवे टर्मिनल्स इंडियाचे कामकाज ठप्प झाले. हे संकट शिरले कोठून? युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून! म्हणजे ज्यांनी विश्वासाने दुरुस्ती स्वीकारली, त्यांच्याच दारातून चोर आत आला. परंतु पुढे तो पसरला, त्यास विंडोजमधील एक जुनी फटही कारण झाली. ती बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्या यंत्रांतून तो त्याच जाळ्यातील अद्ययावत यंत्रांतही शिरला. अशा रीतीने दोन्ही पक्षांचे म्हणणे एकाच दिवशी खरेही ठरले आणि अपुरेही.

लिनक्सवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या घटकात दडवलेले चोरदार लिनक्सच्या काही चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोहोचले होते. ते वेळीच उघडकीस आले, हे सुदैव.

त्या टर्मिनलशी संबंधित मर्स्क कंपनीला दहा दिवसांत सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कोणाला जाळ्यात प्रवेश द्यावा, याची तिची मुख्य नोंद जगभर पुसली गेली होती. एकच प्रत वाचली, आफ्रिकेतील घाना देशात. तेथे त्या वेळी वीज गेल्याने ते यंत्र जाळ्यापासून तुटले होते. एवढ्या बलाढ्य कंपनीला तारले ते दूर राहिलेल्या एका प्रतीने.

हे वाचले तेव्हा मला आमचे आजोबा आठवले. रोजमेळ दुकानात राही, पण उधारीची वही ते रोज रात्री पिशवीत घालून घरी नेत. एका पावसाळ्यात दुकानात पाणी शिरले, रोजमेळाचा लगदा झाला; उधारी मात्र बुडाली नाही.

आमच्या घरचा वादही अखेर त्याच पिशवीपाशी मिटला. नवा संगणक आला, जुन्यावर धाकट्याने लिनक्स घातले. दुकानाच्या वेळेत यंत्र आपोआप पुन्हा सुरू होणार नाही, अशी व्यवस्था केली. विवरणपत्राच्या घाईत दुरुस्ती काही दिवस लांबवायची, पण २० तारखेचे जीएसटीआर-३बी भरून होताच ती घ्यायचीच, असा नियम ठरला. रोज संध्याकाळी हिशेबाची प्रत एका डिस्कवर उतरते, डिस्क संगणकापासून काढली जाते आणि घरी येते. महिन्यातून एकदा दिवाणजी ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहतात. कारण जी प्रत उघडून पाहिली नाही, तिचा भरवसा धरता येत नाही.

प्रणाली कोणती श्रेष्ठ, यावर पुतण्यांचे अजूनही जमत नाही. मात्र डिस्क घरी नेण्याचे कोणीच विसरत नाही.