सौम्य शब्दांची सत्ता

मराठी घरात दिवा 'विझवला' असे म्हणत नाहीत. तो 'शांत केला' म्हणतात. फुटलेली बांगडी 'वाढली' म्हणतात. अशा शब्दांनी कोणाची फसवणूक होत नाही. बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाही अर्थ ठाऊक असतो. सौम्यपणा असतो तो केवळ परस्परांच्या भावना जपण्यासाठी. सत्ता सौम्य बोलू लागते, तेव्हा मात्र हेतू नेमका उलटा असतो.

जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीतील राज्यात युद्ध चालवणारे खाते 'शांतता मंत्रालय' म्हणवते, तर छळ करणारे 'प्रेम मंत्रालय'. सक्तमजुरीच्या छावणीला 'आनंद छावणी' म्हणतात. चॉकलेटचे रेशन ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर आणले जाते आणि दुसऱ्याच दिवशी ते 'वाढवून' २० ग्रॅम केल्याबद्दल लोक नेत्याचे आभार मानतात.

ही निव्वळ कल्पना नव्हे. जानेवारी १९४२ मध्ये बर्लिनमधील वान्से येथे नाझी अधिकाऱ्यांनी युरोपातील ज्यूंच्या संहाराची व्यवस्था ठरवली. इतिवृत्तात मात्र नोंद झाली ती 'पूर्वेकडे स्थलांतरा'ची. भारतात १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात खटल्याविना तुरुंगवासाला 'स्थानबद्धता' म्हटले गेले, आणि देशावर पसरलेल्या भयाला 'अनुशासन पर्व'. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील अनेकांमागे उघड सक्ती होती. कागदोपत्री ते सारे 'कुटुंब नियोजन'च होते.

ज्याच्यावर घाव पडतो, त्याची वेदना या शब्दांनी तिळमात्र कमी होत नाही. हे शब्द घडवले जातात ते हुकूम टंकणाऱ्या कारकुनासाठी, तो अमलात आणणाऱ्या शिपायासाठी आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचणाऱ्या सज्जन नागरिकासाठी. हत्येच्या हुकमावर सही करताना हात थरथरेल. स्थलांतराच्या कागदावर तो थरथरत नाही. क्रौर्याला दुष्ट माणसे थोडी पुरतात. त्याला खरी गरज असते ती निश्चिंत माणसांची.

म्हणूनच लोकशाहीतही 'सौम्य लाठीमार' आणि 'अतिक्रमण निर्मूलन' हे शब्द निमूटपणे स्वीकारता कामा नयेत. 'कारवाई करण्यात आली' या वाक्यात कर्ता नाही आणि ज्याचे घर पडले तो माणूसही नाही. कोणी, कोणावर, काय केले, हे तीन प्रश्न प्रत्येक सरकारी निवेदनाला विचारणे हे नागरिकाचे पहिले कर्तव्य होय. त्यांची उत्तरे साध्या मराठीत मिळेपर्यंत ते निवेदन अपुरेच समजावे.