उमेदवारी की उसनवारी?

१७ एप्रिल २०२२ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर एफ. ए. चषकाच्या उपांत्य फेरीत क्रिस्टल पॅलेस आणि चेल्सी समोरासमोर आले, तेव्हा पॅलेसच्या मधल्या फळीचा त्या हंगामातील आधारस्तंभ संघात नव्हता. तो जायबंदी नव्हता आणि त्याच्यावर बंदीही नव्हती. कॉनर गॅलाघर हा मुळात चेल्सीचा खेळाडू. पॅलेसला तो एका हंगामापुरता उसना मिळालेला. त्याला या सामन्यात खेळू द्यावे ही पॅलेसची विनंती चेल्सीने नाकारली. सामना चेल्सीने २-० असा जिंकला. गोल करणारे दोघे, रुबेन लॉफ्टस-चीक आणि मेसन माउंट, हेही चेल्सीच्याच अकादमीत वाढलेले आणि उसनवारीवर इतर क्लबांत राहून आलेले मध्यरक्षक होते. लॉफ्टस-चीकने तर २०१७-१८ चा हंगाम याच पॅलेसकडून खेळून काढला होता.

या प्रसंगाचे दोन अन्वयार्थ लावता येतात. पहिला रूढ आहे: पाहा, मुले बाहेर जातात, टक्केटोणपे खातात, शहाणी होऊन परत येतात आणि वेम्बलीवर गोल करतात, सबब व्यवस्था उत्तम चालली आहे. दुसरा अन्वयार्थ मैदानाबाहेर बसवलेल्या त्या तरुणाकडे पाहून लावावा लागतो. ज्या सामन्यासाठी फुटबॉलपटू जन्मभर वाट पाहतो, नेमका तोच सामना त्याच्या 'विकासा'त बसत नव्हता. विकास कोणाचा चालला होता, हा प्रश्न त्या दिवशी तरी विचारायला हवा होता. तो फारसा कोणी विचारला नाही, म्हणून आम्ही येथे विचारत आहोत.

आमचा पक्ष आरंभीच मांडून टाकतो. तरुण मध्यरक्षकाला घडवण्याच्या नावाखाली श्रीमंत क्लबांनी जी उसनवारीची पद्धत रूढ केली आहे, ती बहुतेक वेळा उमेदवारी नसते. तो मालाचा साठा असतो. उमेदवारी म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नसावी. छापखान्यात जुळाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करणारा मुलगा त्याच छापखान्याची अक्षरे, त्याच उस्तादाची शिस्त आणि त्याच मालकाची लहर शिकत असे. आणि आज ना उद्या एक जागा आपली होणार, हे तो गृहीत धरून चाले. ती जागाच नसेल तर त्या श्रमांना उमेदवारी हे नाव देणे ही शब्दांची फसवणूक आहे.

या फसवणुकीचे मुख्य साधन म्हणजे 'अनुभव' हा शब्द. मराठी समीक्षेने या शब्दाचा पुष्कळ कीस पाडला आहे, त्यामुळे तो ऐकताच आपण सावध व्हावे हे बरे. 'त्याला अनुभव मिळेल', असे क्लबचे अधिकारी सांगतात आणि आपण मान डोलावतो. कशाचा अनुभव, कोणाच्या सहवासातला, कोणत्या कामासाठी, हे कोणी विचारत नाही. जणू अनुभव हे वजनावर मिळणारे धान्य आहे. कोणत्याही दुकानातून घ्या, पोते भरले की झाले.

गोलरक्षकाच्या बाबतीत हे एक वेळ मान्य करता येईल. त्याचे काम कोणत्याही क्लबात पुष्कळसे तेच असते. आघाडीच्या खेळाडूचेही कौशल्य बऱ्याच अंशी त्याच्याबरोबर गावोगाव जाते. मध्यरक्षकाचे तसे नाही. व्याकरणाची उपमा द्यायची तर तो संघाचे उभयान्वयी अव्यय असतो. तो कोणती दोन वाक्ये जोडतो यावर त्याचे मोल ठरते. डावीकडचा बचावपटू चेंडू कोणत्या पायावर घेतो, पुढचा खेळाडू धावण्यापूर्वी खांदा कसा वळवतो, दडपण आले असता संघ चेंडू मागे फिरवतो की पुढे भिरकावतो, हे त्याला न पाहता ठाऊक असावे लागते. हे ज्ञान नात्यांचे असते, आणि नाती सहा-सहा महिन्यांनी नव्याने जोडून कोणी प्रगल्भ होत नाही.

आता एक तुलना पाहू, आणि ती पाहताना गोव्याच्या वाचकांनी आपली आठवण चाळवावी. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. मडगावच्या फातोर्डा मैदानावर उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडने अमेरिकेला ४-१ असे हरवले आणि पुढे कोलकात्यात स्पेनवर ५-२ अशी मात करून चषक उचलला. अंतिम सामन्यात दोन गोल करणारा फिल फोडेन स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच चमूत कॉनर गॅलाघर होता. दोघांचाही जन्म २००० सालचा. येथून पुढे दोन वाटा फुटल्या.

फोडेनला मँचेस्टर सिटीने एकदाही उसना दिला नाही. त्या २०१७-१८ च्या हंगामात तो लीगमध्ये केवळ पाच सामने खेळला, तेही बदली खेळाडू म्हणून. पुढच्या हंगामातही त्याला मोजक्याच वेळा सुरुवातीपासून खेळवले गेले. 'पोरगा बाकावर कुजतो आहे', अशी ओरड तेव्हा झाली. पण तो रोज डेव्हिड सिल्वाच्या शेजारी सराव करत होता, एकाच प्रशिक्षकाची एकच भाषा ऐकत होता, आणि २०२० मध्ये सिल्वा गेल्यावर त्या जागेसाठी सिटीने बाहेरून कोणी मोठे नाव आणले नाही. २०२३-२४ मध्ये फोडेन प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

गॅलाघर तीन हंगामांत चार क्लब फिरला: चार्लटन, स्वान्सी, वेस्ट ब्रॉमविच आणि पॅलेस. या काळात त्याला पाच प्रशिक्षक लाभले, कारण वेस्ट ब्रॉमविचने हंगामाच्या मध्येच प्रशिक्षक बदलला. इतके करून तो इंग्लंडच्या संघापर्यंत पोचला, याचे श्रेय त्याच्या चिवटपणाला आहे. मग तो घरी परतला, तर काय दिसले? जानेवारी ते ऑगस्ट २०२३ या आठ महिन्यांत चेल्सीने एन्झो फर्नांडेझ आणि मोइसेस कायसेडो हे दोन मध्यरक्षक प्रत्येकी दहा कोटी पौंडांच्या घरातील किमतीला विकत घेतले. २०२३-२४ मध्ये नेहमीचे कर्णधार जायबंदी असताना गॅलाघरने अनेक सामन्यांत संघाचे नेतृत्व केले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला अॅटलेटिको माद्रिदला विकण्यात आले. उमेदवारी पूर्ण झाली. जागा मात्र नव्हती.

गॅलाघर तरी तरला. त्याच्या आधीच्या पिढीतील जॉश मॅकेकरनचे नाव आज कितीजणांना आठवते? २०१० मध्ये सतराव्या वर्षी तो चेल्सीकडून चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला. त्याच्या पासमधील नजाकत पाहून जाणकार हरखले होते. त्यानंतर स्वान्सी, मिडल्सबरो, वॉटफर्ड, विगन, फिटेसे. आणि २०१५ मध्ये ब्रेंटफर्डला विक्री. पाच उसनवाऱ्या आणि परतीची वाट नाही. त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज २०१७ च्या त्याच विश्वविजेत्या संघाच्या मधल्या फळीत होता. चेल्सीने पुढे त्यालाही नेदरलँड्समध्ये उसना धाडला.

प्रतिपक्षाकडे उदाहरणे आहेत, आणि ती आम्ही टाळणार नाही. १९९५ मध्ये डेव्हिड बेकहॅम प्रेस्टनला गेला. झाबी अलोन्सो २००० मध्ये एइबारला गेला. दोघेही थोर झाले. पण या कथा नीट वाचाव्यात. बेकहॅम जेमतेम महिनाभर गेला आणि पाच सामने खेळून परतला. अलोन्सोला रेआल सोसिएदादने काही महिन्यांतच परत बोलावले आणि प्रशिक्षक जॉन तोशॅक यांनी त्याच्यावर कर्णधारपदाची जबाबदारी टाकली. दोन्ही ठिकाणी मुक्काम एकच, मुदत आखूड आणि घरी कोणीतरी वाट पाहणारे. अशा उसनवारीला आमचा विरोध नाही; ती खरोखरच उमेदवारी होती.

मेसन माउंटचे उदाहरण तर प्रतिपक्षाने देऊच नये. फिटेसे आणि डर्बी येथे एकेक हंगाम काढून तो २०१९ मध्ये चेल्सीच्या मुख्य संघात आला आणि २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकला, हे खरे. पण २०१९ च्या उन्हाळ्यात चेल्सीवर फिफाने नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी घातली होती, हेही तितकेच खरे. दुकान बंद होते म्हणून घरचे अन्न गोड लागले. एरवी त्या उन्हाळ्यात कोण विकत घेतला गेला असता आणि माउंट कोणत्या गावी गेला असता, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तेव्हा खरा प्रश्न 'उसना द्यावा की घरी ठेवावा' एवढाच नाही. त्याच्यासाठी कोणाची जागा रिकामी केली, हा खरा प्रश्न आहे. २००५ मध्ये आर्सेनलने पॅट्रिक व्हिएरासारखा कर्णधार विकला, तेव्हा अठरा वर्षांच्या सेस्क फाब्रेगासला मधल्या फळीची सूत्रे मिळाली. (हाच व्हिएरा पुढे पॅलेसमध्ये गॅलाघरचा प्रशिक्षक होता.) २००८ मध्ये पेप ग्वार्दिओला यांनी बार्सिलोनाच्या दुय्यम संघातून सर्जिओ बुस्केट्सला वर घेतले. २००९ च्या रोममधील अंतिम सामन्यात मध्यभागी बुस्केट्स होता आणि याया तुरे बचावफळीत. २०१० मध्ये तुरे क्लब सोडून गेला. विश्वास ही भावना असते तोवर तिची किंमत शून्य. जागा रिकामी केली की ती किंमत कळते. स्पेनमध्ये मोठ्या क्लबांचे दुय्यम संघ खालच्या श्रेणींत खेळतात, त्यामुळे तेथे मुलाला घरची भाषा न सोडता मोठ्यांच्या फुटबॉलचा मार खाता येतो. इंग्लंडमध्ये ही सोय नाही हे मान्य. तेवढ्याने साठेबाजी समर्थनीय ठरत नाही.

मुख्य संघात लवकर घेण्याचेही धोके आहेत. जॅक विल्शरने २०१०-११ मध्ये आर्सेनलसाठी हंगामभर पाय झिजवले आणि पुढचा पूर्ण हंगाम दुखापतीत घालवला. पेड्री २०२०-२१ मध्ये क्लब आणि देश मिळून सत्तरहून अधिक सामने खेळला; त्यानंतर त्याचे स्नायू वारंवार दुखावले. पण हा आक्षेप संधीवर नाही, हावरेपणावर आहे. मुलाला जेवू घालावे म्हणणे म्हणजे कोंबून भरवावे म्हणणे नव्हे.

मग ही पद्धत इतकी का फोफावली? उत्तर वहीखात्यात आहे. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून खर्ची टाकली जाते. अकादमीत वाढलेल्या मुलाची खात्यातील किंमत शून्य. त्यामुळे त्याच्या विक्रीतून येणारी जवळजवळ सगळी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. म्हणजे जो सर्वांत आपला, तोच विकायला सर्वांत सोयीचा! अशा मुलाला दुसऱ्याच्या मैदानावर, बऱ्याचदा दुसऱ्याच्या पगारावर, पिकायला ठेवणे हा व्यवहार आहे. व्यवहार करावा, त्याला गुरुकुल म्हणू नये.

फिफाने जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय उसनवारीवर मर्यादा आणली. आठांपासून सुरुवात करून २०२४ पासून सहा खेळाडू. सुधारणा स्वागतार्ह आहे. पण एकवीस वर्षांपर्यंतचे आणि क्लबातच घडलेले खेळाडू या मर्यादेतून वगळले आहेत. ज्यांना संरक्षण हवे होते, तेच संरक्षणाबाहेर राहिले.

उसने घेणाऱ्या लहान क्लबांचा फायदा होतो, असेही सांगतात. २०१८-१९ चा डर्बी आठवावा. माउंट, फिकायो टोमोरी आणि हॅरी विल्सन हे तीन उसने तरुण घेऊन तो संघ प्रीमियर लीगच्या उंबरठ्यापर्यंत गेला, अंतिम लढतीत अॅस्टन व्हिलाकडून १-२ असा हरला, आणि त्या उन्हाळ्यात तिघेही आपापल्या मालकांकडे परतले. डर्बीच्या स्वतःच्या अकादमीतील ज्या मुलांच्या जागा त्या वर्षी अडल्या, त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही. शेजारघरून आलेले भांडे रिकामे परत पाठवू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. येथे भांडे भरून परत जाते आणि भरणाऱ्याचे घर रिकामे राहते.

साहित्याच्या अभ्यासकांनी या भानगडीत का पडावे, असे काही वाचकांना वाटेल. आमचे उत्तर साधे आहे. या वाचकांपैकी कित्येकांनी महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवले आहे. दर जूनमध्ये नवे वर्ग, नवे विभागप्रमुख, आणि जागेबद्दल विचारताच मिळणारे तेच उत्तर: अनुभव जमा होतो आहे. अनुभव हा शब्द जागा नाकारण्यासाठी कसा वापरतात, हे त्यांना फुटबॉलवरून शिकण्याची गरज नाही. म्हणूनच विगन किंवा आर्नेमला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाबद्दल 'त्याच्या भल्याचेच आहे' असे वाक्य वाचनात आले, तर त्यांनी तरी ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तपासण्यासाठी तीन प्रश्न पुरेत. तो किती दिवसांसाठी चालला आहे? परत आल्यावर कोणाच्या जागी खेळणार आहे? आणि त्या जागेसाठी दरम्यान कोणी विकत घेतले जाणार नाही, याची हमी कोण देतो? तिन्हींची उत्तरे मिळाली तर तो उमेदवारीला चालला आहे. त्याला शुभेच्छा द्याव्यात. मिळाली नाहीत, तर निदान आपण तरी त्याच्या प्रवासाला शिक्षण म्हणू नये.