‘टेप आउट’ कुणी काढलं?

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. गुडघे आणि आळस, दोघांनी मिळून सुट्टी घ्यायला लावली. आज रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा मंडळी, सांभाळून घ्या.

गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी होम थिएटर आणलं. पाच स्पीकर, एक घुमणारा वूफर आणि टीव्हीखाली काळाकुळकुळीत रिसीव्हर. सगळे पुढून कौतुक करत होते, मी विजेरी घेऊन मागे गेले. (सूनबाई म्हणाल्या, "आई, तिकडे काय पडलंय?") यंत्र आधी मागून बघायचं ही सवय आमच्या ह्यांची, त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली.

मागे आत येणाऱ्या वाटाच वाटा! एचडीएमआय, ऑप्टिकल, लाल-पांढऱ्या जोड्या, एफएमची अँटेना, शिवाय ब्लूटूथ. बाहेर जायला मात्र स्पीकरच्या तारा, वूफर आणि टीव्ही. ‘टेप आउट’ नावाची जोडी कुठेच नाही. दोनदा शोधली.

ज्यांनी ती कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. 1985 साली धाकट्या दिरांनी मस्कतहून एक रिसीव्हर आणला होता. त्याच्यामागे ‘टेप आउट’ आणि ‘टेप इन’ अशा दोन जोड्या होत्या. ‘आउट’मधून आवाज टेप डेककडे जायचा, ‘इन’मधून डेकचा आवाज परत यायचा. गंमत अशी की ‘आउट’वर आवाजाच्या बटणाचा काही परिणाम नाही. मुलांची परीक्षा म्हणून आवाज पार बंद केला, तरी टेपवर गाणं पूर्ण ताकदीनं उतरत राही. आणि तुम्ही ‘टेप’ ऐकायला निवडलंत की त्याच ‘टेप आउट’वर तो आवाज रिसीव्हर पाठवायचाच नाही, नाहीतर आवाज गोल गोल फिरून किंचाळला असता. कुणीतरी डोकं चालवून केलेली सोय होती ती.

पुढे ‘टेप मॉनिटर’ असं एक बटण. ते चुकून दाबलेलं राहिलं आणि डेक बंद असला, की सगळं मुकं. एकदा ह्यांनी त्यापायी अख्खा रविवार रिसीव्हर उघडून घालवला होता. संध्याकाळी मी धूळ पुसताना बटण बाहेर आलं आणि बातम्या सुरू झाल्या. असो.

ह्या दोन जोड्यांच्या जिवावर ह्यांनी आकाशवाणीवरचा शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम वर्षानुवर्षं उतरवून घेतला. नव्वदची कॅसेट, म्हणजे एका बाजूला 45 मिनिटं. बाजू उलटताना दोन-चार ताना निसटायच्या, त्याची चुटपुट आठवडाभर. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला डेकला माईक लावून हे तारीख, गायकाचं नाव आणि राग सांगत. अगदी निवेदकाच्या थाटात, आधी घसा खाकरून. अशा 63 कॅसेटी आहेत. हे जाऊन दहा वर्षं झाली. फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज तेवढाच.

आता रागाचं कारण. दोन महिन्यांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं गाणं एफएमवर लागणार होतं. सातवीत बाकावर ताल धरून माझं व्याकरण बुडवणारी हीच ती. नव्या रिसीव्हरमध्ये एफएम आहे, आवाज स्वच्छ, पण तो उतरवून घ्यायचा कसा? हेडफोनच्या भोकातून घेऊन पाहिलं, तर आवाजाच्या बटणाबरोबर रेकॉर्डिंग वर-खाली होतं आणि भोकात पिन घातली की स्पीकर बंद. म्हणजे घरातल्यांनी गाणं ऐकायचं की मी ते जपायचं, एकच काहीतरी! शेवटी मोबाईल स्पीकरसमोर ठेवला. विलंबित ख्यालात कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. 1986 साली आमच्या दोन खोल्यांत जे नीट होत होतं, ते आज एवढ्या महागड्या पेटीत होत नाही. आणि ह्याला प्रगती म्हणायचं!

दुकानात विचारायला गेले तर तिथला मुलगा म्हणाला, "आजी, आता रेकॉर्ड कोण करतं?" अरे बाळा, तुम्ही भोकच बुजवलंत, आता कोण करणार? विहिरीचा दोर कापायचा आणि वर पाणी कुणी शेंदत नाही म्हणायचं, त्यातली गत.

चिरंजीव वकिली करायला लागले, "आई, कॉपीराइटचा प्रश्न असतो." असतो ना. एचडीएमआयमधून येणाऱ्या सिनेमाला कुलूप असतं, ते खुशाल असू द्या. पण एफएमला आणि माझ्या कॅसेटला कुठलं कुलूप? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या 52 व्या कलमात खासगी वापरासाठी रास्त उपयोगाला जागा ठेवलेली आहे. कायद्यानं उघडं ठेवलेलं दार पेटी बनवणाऱ्यानं बंद करायचं, हा अधिकार त्याला कुणी दिला?

मग म्हणे खर्च. पितळेच्या दोन भोकांचा? ब्लूटूथ घालायला पैसे आहेत, स्टेडियमचा आणि चर्चचा खोटा घुमारा देणाऱ्या बटणांना आहेत! माझ्या दिवाणखान्यात चर्चचा घुमारा कुणी मागितला होता? एक मान्य करते. जिथे ही जोडी होती, तिथेही डिजिटल वाटेनं आलेला आवाज त्यातून बहुधा बाहेर पडत नसे, फक्त लाल-पांढऱ्या तारांनी किंवा रिसीव्हरच्या स्वतःच्या रेडिओचा आलेला पडे. मला तेवढाच हवा होता. काही वरच्या किमतीच्या पेट्यांत ‘झोन 2’ नावाचं आउटपुट असतं आणि त्यातल्या काहींत त्याचा आवाज एका पातळीवर बांधून ठेवता येतो. म्हणजे करता येतं. साध्या गिऱ्हाईकासाठी करायचं नाही, एवढंच.

मला खरं लागतं ते हे, की पूर्वीची पेटी आम्हाला ऐकणारी आणि ठेवणारी माणसं समजत होती. आताची फक्त ऐकणारी समजते, तेही ती देईल तोवर. आज यादीत दिसलेलं गाणं उद्या तिथून नाहीसं होतं, विचारायचं कुणाला? कॅसेटीचं कपाट निदान माझ्या किल्लीनं उघडतं.

कॅसेटींचं विचाराल तर त्यावर उपाय सापडला. एक छोटा डिजिटल रेकॉर्डर घेतला. डेकच्या ‘लाइन आउट’मधून तार रेकॉर्डरच्या ‘लाइन इन’मध्ये (माईकच्या भोकात नाही, तिथे आवाज फाटतो) आणि रेकॉर्डरच्या हेडफोनमधून रिसीव्हरच्या ‘ऑक्स’मध्ये. रेकॉर्डिंग आधी होतं, ऐकणं मागून. काटा लालच्या बराच खाली ठेवायचा. टेप थोडा अतिरेक पोटात घालायची, डिजिटल घालत नाही. सीडीच्या दर्जानं तासाला साधारण 635 एमबी जागा लागते. 41 कॅसेटी झाल्या. सतराव्या कॅसेटीत ह्यांनी राग चुकीचा सांगितलाय आणि मागून माझा आवाज येतो, "अहो, बागेश्री!" तो तसाच ठेवलाय.

पण रेडिओचं काय, ते सुटलेलं नाही. म्हणून नवीन पेटी घेणाऱ्या भाचरांनो, पैसे देण्याआधी ती फिरवून मागून बघा आणि ‘आउट’ मोजा. आणि न्यू जर्सीकरा, तू तुझा जुना रिसीव्हर गराज सेलमध्ये काढतोयस असं ताईकडून कळलं. थांब. त्याच्यामागे ‘टेप आउट’ आहे का ते बघून कळव. तुमच्याकडे 120 व्होल्ट, इथे 230, तेव्हा ट्रान्सफॉर्मर लागेल, तो मी इथे घेऊन ठेवते. डिसेंबरात येशील तेव्हा चॉकलेटं आणू नकोस, तेवढं वजन ह्याला दे.