हवेचा व्हॉल्व्ह कुणाच्या हातात?

‘द एक्स्पान्स’ बघणाऱ्यांचे आपल्या हॉस्टेलमध्ये सरळसरळ दोन गट आहेत. पहिला गट रेलगनवाल्यांचा. रोसिनान्टे जहाजाने कुठल्या भागात किती टॉर्पेडो सोडले आणि एमॉसने कुणाला कसं लोळवलं, हे या मंडळींना तोंडपाठ. फ्लुइड मेकॅनिक्सचं एक समीकरण आठवणार नाही, पण हे आठवतं! दुसरा गट तिसऱ्या भागात झोपी गेलेल्यांचा. ‘नावं फार आहेत यार, कोण कुणाच्या बाजूने तेच कळत नाही,’ ही त्यांची तक्रार. माझं म्हणणं असं की दोन्ही गटांनी मालिकेतली मुख्य गोष्ट बघितलीच नाही. हवा, पाणी आणि वजन या तीन गोष्टी कोण पुरवतं, कोण अडवतं आणि बिल कोण भरतं, या एका प्रश्नावर तिचे सहा सीझन उभे आहेत. आणि हा प्रश्न पाइप टाकणाऱ्यांचा आहे, म्हणजे आपला.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (बघायची असेल तर सांभाळून वाचा, पुढे गुपितं फुटणार आहेत.) डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक हे दोघं मिळून जेम्स एस. ए. कोरी या नावाने लिहितात. २०११ ते २०२१ या काळात आलेल्या त्यांच्या नऊ कादंबऱ्यांवरून ही मालिका घेतली. डिसेंबर २०१५ मध्ये ती सायफाय चॅनेलवर सुरू झाली, २०१८ मध्ये तीन सीझननंतर चॅनेलने गाशा गुंडाळला. मग चाहत्यांनी वर्गणी काढून ॲमेझॉनच्या ऑफिसवरून बॅनर लावलेलं विमान फिरवलं, आणि जेफ बेझोसच्या कंपनीने मालिका उचलली. जानेवारी २०२२ मध्ये ६२ भागांवर ती संपली. काळ तेविसाव्या शतकाचा. पृथ्वीवर संयुक्त राष्ट्रांचं राज्य, मंगळ स्वतंत्र आणि लष्करी शिस्तीचा, आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात व त्यापलीकडे राहणारे ते ‘बेल्टर’. खाणी बेल्टर खणतात, बर्फ बेल्टर ओढून आणतात, जहाजं बेल्टर बांधतात. मालकी मात्र आतल्या दोन ग्रहांची.

गोष्ट सुरू होते तीसुद्धा बर्फापासून. कँटरबरी नावाचं एक खटारा जहाज शनीच्या कड्यांमधला बर्फ घेऊन सेरेसकडे निघालेलं असतं आणि वाटेत ते उडवलं जातं. सगळ्यांना प्रश्न पडतो, कुणी उडवलं? मला पडलेला प्रश्न निराळा. सेरेससाठी बर्फ शनीपासून का आणावा लागतो? ‘डॉन’ हे यान २०१५ ते २०१८ सेरेसभोवती फिरत होतं. त्याने दाखवलं की तिथल्या मातीखाली बर्फ भरपूर आहे. मालिकेतलं उत्तर पहिल्याच भागात, रस्त्यावर भाषण ठोकणाऱ्या एका माणसाच्या तोंडून येतं आणि आपण ते ऐकूनही ऐकत नाही. सेरेसवर पाणी होतं, ते पृथ्वी आणि मंगळाने नेलं. म्हणजे विहीर तुमच्या अंगणात, पाणी दुसऱ्याच्या टाकीत, आणि तुम्ही टँकरची वाट बघत रांगेत!

हे आपल्याला समजावून सांगायला नको. टाकी रिकामी झाली की सकाळी सहाला बादल्यांची रांग लागते, तेव्हा हॉस्टेलवर सत्ता रेक्टरसरांची नसते. ती पंपाची किल्ली असलेल्या मामांची असते. फक्त आपल्याकडे मामा मायाळू असतात, आणि अगदीच नाही आलं पाणी तर माणूस अंघोळ न करता लेक्चरला जातो. (काही जण पाणी असूनही जातात, तो विषय वेगळा.) सेरेसवर ही किल्ली कंपनीकडे आहे आणि पाण्याच्या जोडीला हवाही तिच्याच पाइपातून येते.

पहिल्या सीझनच्या सुरुवातीला एक छोटा प्रसंग आहे. सेरेसवरच्या एका वस्तीत हवेचे फिल्टर बदललेले नाहीत, मुलं खोकतायत. मिलर हा तिथला डिटेक्टिव्ह आधी पैसे खाऊन गप्प बसतो. नंतर त्याच फिल्टरवाल्याला एअरलॉकमध्ये कोंडतो आणि हवा कमी करत नेतो. बघताना आपण मिलरसाठी टाळ्या वाजवतो. पण नीट बघा, तो फिल्टरवाला राक्षस वगैरे काही नाही. मेंटेनन्सचं शेड्यूल पुढे ढकलणारा तो एक साधा माणूस आहे. अँडरसन स्टेशनची गोष्ट तर याहून भयंकर. तिथल्या खाणकामगारांच्या मुलांचे मेंदू ऑक्सिजन कमी पडून अधू झालेले. ते बंड करतात, शेवटी शरण येत असल्याचा संदेशही पाठवतात. संयुक्त राष्ट्रांचं सैन्य तो संदेश जॅम करतं आणि स्टेशनवर गोळीबार होतो. हे करणारा कर्नल फ्रेड जॉन्सन पुढे जन्मभर त्याचं ओझं वागवतो. पण हवेत ऑक्सिजन किती ठेवायचा हे ज्याने ठरवलं, त्याचं नाव कुणालाच माहीत नसतं. त्याने बहुधा एखाद्या तक्त्यात एक आकडा बदलला असेल, बस्स.

माझ्या मते दुसऱ्या सीझनमधला ‘कॅस्केड’ हा भाग प्रत्येक शाखेच्या सेकंड इयरला दाखवायला हवा. गॅनिमीड हा गुरूचा उपग्रह मालिकेतलं धान्याचं कोठार आहे. तिथे लढाई होते, घुमट फुटतो. प्रॅक्स नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ एमॉसला समजावतो की निसर्गात एक वाट बंद झाली तर दुसऱ्या हजार वाटा असतात, पण माणसाने बांधलेल्या व्यवस्थेत वाटा मोजक्याच. एक बंद पडली की तिचा भार दुसरीवर, ती दमली की तिसरीवर. झाडाची पानं पिवळी पडली एवढ्यावरून तो ओळखतो की आता हे स्टेशन वाचत नाही. तेव्हा दिवे चालू असतात, लोक चालत-बोलत असतात. पॉवर ग्रिड शिकलेल्यांना हे नवीन नाही. जुलै २०१२ मध्ये आपलं उत्तरेचं ग्रिड असंच एकावर एक ट्रिप होत झोपलं होतं. पण टेक्स्टबुकात वाचणं वेगळं आणि मुलगी हरवलेल्या बापाच्या तोंडून ऐकणं वेगळं.

आता विज्ञानाचं. मालिकेचा शो-रनर नरेन शंकर हा कॉर्नेल विद्यापीठाचा पीएचडी, आणि पूर्वी ‘स्टार ट्रेक’चा विज्ञान सल्लागार. त्यामुळे इथे जहाजं अर्धा प्रवास वेग वाढवत जातात, मग उलटी फिरतात आणि उरलेला अर्धा वेग कमी करत. हिशोब सोपा आहे. अंतराला त्वरणाने भागा, वर्गमूळ घ्या, दुप्पट करा. ३० कोटी किलोमीटर आणि ०.३ जी धरलं तर साधारण आठवडा लागतो. एवढा वेळ इंजिन चालू ठेवेल असं इंधन मात्र आपल्याकडे नाही, त्यासाठी त्यांनी ‘एपस्टाइन ड्राइव्ह’ कल्पिलं आहे. ठीक आहे, एक थाप माफ.

सेरेसच्या बाबतीत मात्र थाप जरा मोठी आहे. तिथे पायाखाली ०.३ जी मिळावं म्हणून अख्खा बटुग्रह गरगर फिरवलाय आणि लोक आतल्या बाजूने, डोकं केंद्राकडे करून राहतात. सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर. गणित करून बघा, दर ४० मिनिटांना एक फेरी मारावी लागते. खरा सेरेस नऊ तासांत एक मारतो. त्या वेगाला आतला ताण गिगापास्कलच्या घरात जातो आणि खडक तर दहा-वीस मेगापास्कललाच तडकतो. म्हणजे सेरेसचा भुगा! मेकॅनिकलच्या मित्रांनी यावर मालिकेची यथेच्छ टिंगल करावी, माझी हरकत नाही. पण टिंगल झाल्यावर एवढंच बघा, या फिरत्या खडकातही बड्या लोकांना राहायला कुठे आवडतं? बाहेरच्या थरात, जिथे वजन जास्त. केंद्राजवळच्या हलक्या, गरगरवणाऱ्या खोल्या गरिबांच्या. आपल्याकडे रूम ॲलॉटमेंटमध्ये वरच्या मजल्याचं जे होतं तेच!

वजनाचा हा मुद्दा मला मालिकेतला सगळ्यात जबरदस्त वाटतो. कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या बेल्टरची हाडं लांब आणि कमकुवत. तो पृथ्वीवर उभाच राहू शकत नाही. पहिल्याच भागात क्रिसजेन अवसरला एका बेल्टर कैद्याला फक्त पृथ्वीवर आणून टांगून ठेवते. मारहाण नाही, शॉक नाही, पृथ्वीच त्याचा छळ करते. अवसरला म्हणजे आपली सगळ्यांची लाडकी. आडनाव तेलुगू, नेसते साड्या, शिव्या अशा देते की फर्स्ट इयरची मुलं वहीत उतरवून घेतील. शोहरे अगदाश्लू या इराणमध्ये जन्मलेल्या अभिनेत्रीने ती झकास उभी केलीय. पण तिची आपली पहिली ओळख ही अशी, छळ करणारी. म्हणून ‘आवडत नसेल तर परत जा’ हे बेल्टरला कुणी म्हणूच शकत नाही. त्याला जायला जागाच नाही. मग तो स्वतःची भाषा करतो (ती निक फार्मर या भाषातज्ज्ञाने बनवली), ‘बेल्टालोवडा’ म्हणजे आम्ही पट्ट्यातले, ‘इन्यालोवडा’ म्हणजे ते आतले. स्पेससूटमध्ये मान हलवलेली दिसत नाही म्हणून हो-नाही हाताने दाखवतो. हे सगळं कुणी फॅशन म्हणून करत नाही.

चौथ्या सीझनपासून मालिका भरकटली, तेराशे नवे ग्रह कशाला आणले, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. कड्याच्या दारातून मोकळी हवा असलेले ग्रह मिळाल्यावर मंगळाचं काय होतं ते बघा. पिढ्यान्‌पिढ्या मंगळ हिरवा करण्यासाठी राबलेले लोक एका रात्रीत निरुपयोगी होतात. सैनिक बेकार, बंदरावर चोरबाजार, बॉबी ड्रेपरसारखी मरीन जहाजं तोडायच्या कामावर. प्रोजेक्ट फसला नाही, त्याची गरजच संपली. प्लेसमेंटच्या रांगेत उभं राहून हे बघताना पोटात गोळा येतो.

मार्को इनारोसबद्दल मात्र भांडायला मी तयार आहे. पाचव्या सीझनमध्ये तो मंगळाच्या चोरीच्या तंत्राने झाकलेले दगड पृथ्वीवर टाकतो, लाखो माणसं मरतात. त्याची भाषणं स्टेटसला ठेवणारे आपल्यात आहेत. भाषणातलं दुःख खरं आहे, मान्य! पण त्याचं वागणं बघा. सेरेस सोडून जाताना तो तिथलं सामान-रसद सगळं उचलून नेतो, मागे आपल्याच बेल्टर लोकांना उपाशी ठेवून. व्हॉल्व्हवरचा हात तेवढा बदलला. ड्रमर त्याच्या विरोधात का जाते, हे ज्याला कळलं त्याला मालिका कळली.

शेवट मला अर्धा पटला. नव्या ग्रहांकडची सगळी वाहतूक बेल्टर लोकांच्या ट्रान्सपोर्ट युनियनकडे जाते, इथपर्यंत ठीक. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांच्याकडे निदान दार आलं. पण त्यासाठी आधी पृथ्वीवरच्या होल्डनला अध्यक्ष करायचं आणि मग त्याने मोठ्या मनाने राजीनामा देऊन ड्रमरला खुर्ची द्यायची? बेल्टर बाईला थेट खुर्ची देण्याची हिंमत अवसरलात नव्हती, हे समजू शकतो. मालिकेला मात्र तो होल्डनचा चांगुलपणा वाटतो, तिथे माझं अडतं.

हे सगळं दोन-तीनशे वर्षांनंतरचं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर तारखा बघा. १९६७ च्या अंतराळ करारानुसार कुठल्याही देशाला चंद्र वा ग्रहांवर मालकी सांगता येत नाही. २५ नोव्हेंबर २०१५ ला अमेरिकेने कायदा केला की तिथून काढलेल्या पाण्या-खनिजांची मालकी मात्र काढणाऱ्या अमेरिकन नागरिकाची. तीन आठवड्यांत कँटरबरी टीव्हीवर उडाली! २०१७ मध्ये लक्झेंबर्गने तसाच कायदा केला. भारताने जून २०२३ मध्ये आर्टेमिस करारावर सही केली, आणि त्याच वर्षीच्या भारतीय अंतराळ धोरणात खाजगी कंपन्यांनी लघुग्रहावरून मिळवलेली संपत्ती बाळगण्याची, विकण्याची मुभा आहे. ते धोरण मोजक्या पानांचं आहे, एका चहाच्या वेळात वाचून होतं. काढणाऱ्या कंपनीचा हक्क त्यात आहे. तिथे राहून खणणाऱ्याच्या हवेचं कलम शोधून बघा.

ज्यांना आता मालिका सुरू करायचीय त्यांना दोनच सूचना. सबटायटल्स चालू ठेवा, बेल्टर बोली पहिल्यांदा कानावरून जाते. आणि निदान चौथ्या भागापर्यंत झोपू नका. सबमिशनच्या आठवड्यात मात्र हात लावू नका, ६२ भाग आहेत.