हेरिंग गेला, धक्के राहिले

आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचं सिग्लुफ्योर्दुर हे या अंकातल्या मुख्य लेखाचं गाव. हेरिंग हा आपल्या तारलीच्याच कुळातला मासा. १९०३ साली नॉर्वेच्या लोकांनी तो इथे खारवायला घेतला आणि बघता बघता गावाचं नशीब फळफळलं. होड्या धक्क्याला लागल्या की, रात्र असो वा पहाट, बायका पिंपांपाशी हजर! मासा साफ करायचा, मिठात थरावर थर लावायचे. पिंप भरलं की एक बिल्ला मिळे, तो थेट गमबुटात टाकायचा. दिवसाची कमाई पायाशी खुळखुळायची.

मग माशांचे थवे शोधणारं ‘सोनार’ यंत्र आलं, जाळी ओढणारी यांत्रिक कप्पी आली, जाळी मोठी झाली. त्यात समुद्र गारठला. १९६८-६९च्या सुमारास हेरिंग दिसेनासा झाला आणि गाव ओस पडू लागलं. गावकऱ्यांनी मात्र पडके कारखाने भंगारात घातले नाहीत, तिथेच संग्रहालय उभं केलं. १९०७ची रोआल्द्सब्राक्की ही इमारत त्याचा गाभा. वर त्या बायकांच्या खोल्या, खाली खारवण्याचं काम. २००४ साली या संग्रहालयाला युरोपातला मिकेलेत्ती पुरस्कार मिळाला. कप्तानांचे पुतळे कुठेही असतात. इथे खारवणाऱ्या बायकांच्या खाटा जपल्यात, म्हणून हा विषय निवडला.