पहिल्या उद्गाराची घाई

उत्तम शुक्रवार जवळ आला की आपल्याकडे वाटप सुरू होते. दुपारी बारा ते तीनच्या उपासनेत वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना द्यायचे असतात. त्यागाचा, तहानेचा उद्गार जुनेजाणते उपदेशक घेतात आणि पहिला, क्षमेचा, बहुधा नवख्याच्या वाट्याला येतो. क्षमेवर काय, कुणीही बोलेल, अशी आपली समजूत. माझ्या मते सातांतला तोच सर्वांत अवघड आहे. त्यावर दिलेला उपदेश ऐकणारा माणूस घरी नेतो आणि तिथे तो लगेच कुणावर तरी वापरला जातो.

उपासना संपल्यावर वेस्ट्रीच्या दाराशी रेंगाळणारी माणसे आपण सगळेच ओळखतो. "पाळकसाहेब, दिरानं जमीन लाटली. माफ केलं म्हणजे दावा मागे घ्यायचा का?" "नवरा हात उचलतो. क्षमा करून परत नांदायला जाऊ?" "माफ केलं असं तोंडानं म्हणते, पण तो समोर आला की अंगाची आग होते. माझा विश्वास खोटा म्हणायचा का?" या तिन्ही प्रश्नांना आपण एकच उत्तर देतो, आणि तेही घाईने: कटुता सोडा, प्रार्थना करा. घाई कशाची, हे आपल्यालाही ठाऊक आहे. भांडण मिटले नाही तर मंडळीत दोन तट पडतात आणि वार्षिक सभा पार पडत नाही. मग क्षमेचा सल्ला मिळतो तो ज्याचा आवाज लहान त्याला. हिशेबात घोळ घालणाऱ्यासाठी आपण कृपेवर बोलतो, हिशेब मागणाऱ्याला मात्र कटुतेवर उपदेश ऐकवतो.

सत्तर वेळा सातचा दाखला आपण सर्रास देतो. तो मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात, त्याच्या थोडे आधी, अपराध करणाऱ्याला एकांतात जाऊन त्याचा दोष सांग, ऐकले नाही तर साक्षीदार ने, तरीही नाही तर मंडळीला कळव, असा रीतसर क्रम दिला आहे. दोष सांगणे आधी येते. हा भाग वगळून पेत्राच्या प्रश्नावर उडी मारणारा उपदेश अर्धाच असतो.

दिराच्या दाव्याबद्दल विचारणाऱ्या बाईंना मी ग्लॅडिस स्टेन्स यांच्याविषयी सांगेन. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावी त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व तिमोथी ही दोन मुले गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. मुले दहा आणि सहा वर्षांची होती. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि कायदा त्याचे काम करील हेही सांगितले. खटला चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. त्या स्वतः मुलीसह ओडिशातच, बारिपद्यात, राहिल्या आणि २००४ पर्यंत कुष्ठरुग्णांचे काम पाहत होत्या. सूड मनातून काढणे आणि शिक्षेचा निर्णय न्यायालयावर सोडणे या दोन गोष्टी एकाच बाईच्या ठायी भांडण न करता नांदू शकतात. मला तर वाटते, दुसरी असल्यामुळे पहिली सोपी जाते, कारण न्याय करण्याचे ओझे मग जखमी माणसाच्या अंगावर उरत नाही.

मार खाणाऱ्या बाईच्या बाबतीत चर्चेला जागाच नाही. आधी ती सुरक्षित असली पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतो, त्याचा नंबर वेस्ट्रीत लावलेला असावा. तिने क्षमा केली तरी परत नांदायला जाण्याचे बंधन तिच्यावर येत नाही. योसेफाने भावांना जवळ घेतले खरे, पण त्याआधी त्याने त्यांची चांगली परीक्षा पाहिली, आणि बन्यामिनासाठी यहूदा स्वतः गुलाम व्हायला पुढे आल्यावरच तो त्यांच्यासमोर रडला. नवरा बदलला की नाही हे पाहण्याचा हक्क बायकोलाही आहे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. एव्हरेट वर्थिंग्टन हे अमेरिकेतले ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ क्षमेचाच अभ्यास करत होते. १९९५ च्या सरत्या रात्री घरात शिरलेल्या चोराने त्यांच्या आईचा खून केला. ठरवून केलेली क्षमा वेगळी आणि भावनांत उतरलेली वेगळी, असा भेद ते करतात. पहिली एका रात्रीत होऊ शकते, दुसरी आपल्या गतीने येते. पुढे भावाने आत्महत्या केली तेव्हा स्वतःला क्षमा करायला याच अभ्यासकाला बराच काळ लागला. म्हणून अंगाची आग होते म्हणणाऱ्या बाईचा विश्वास खोटा नाही. तिचा निर्णय झाला आहे, मन मागून येत आहे. मधल्या काळात तिला एकशे नववे स्तोत्र वाचायला द्या. शत्रूला शिव्याशाप देणारी ती प्रार्थना देवापुढेच केलेली आहे आणि पवित्र शास्त्रातच आहे. उपासनेत आपण ती वाचत नाही, ही आपली भिडस्त सवय.

मन मागून यायला किती वेळ लागतो, ते आपल्याच देशातल्या एका गोष्टीत दिसते. सिस्टर राणी मारिया यांना फेब्रुवारी १९९५ मध्ये इंदूरकडे जाणारी बस थांबवून भोसकून मारले गेले. आदिवासींना सावकारी पाशातून सोडवणे हा त्यांचा गुन्हा. त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मींनी, तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली ती २००२ मध्ये. लोक राखीची गोष्ट सांगतात, मधली सात वर्षे गाळून.

पहिल्या उद्गाराकडे पुन्हा नीट पाहा. येशूने समोरच्या शिपायांना 'मी क्षमा केली' असे म्हटलेले नाही. त्याने पित्याकडे त्यांच्यासाठी क्षमा मागितली. खिळे ठोकलेल्या अवस्थेत त्याने ते काम पित्याच्या हाती दिले. ज्याला अजून क्षमा करता येत नाही त्यालाही एवढे म्हणता येईल: माझ्याने होत नाही, तू कर. ही प्रार्थना रोज करणाऱ्याला कधीतरी झोप लागू लागते. आपल्यातल्या अनेकांनी हे मंडळीत पाहिले असेल.

राहिले आपण. अवेळी झालेली बदली, थकलेला पगार, कमिटीत झालेला अपमान, ज्याला हाताशी धरून शिकवले त्यानेच दिलेला निनावी अर्ज: पाळकाच्या पोटात काय काय साठते ते बाहेर कुणाला सांगता येत नाही, आणि मग ते रविवारी उपदेशातून टोमण्यांच्या रूपाने बाहेर पडते. यंदा प्रत्येक पाळकाने एक जोडीदार शोधावा, महिन्यातून एकदा त्याच्यापाशी जाऊन बोलावे, असे मी सुचवतो. जोडीदार शक्यतो दुसऱ्या पंथाचा असावा. बदल्या ठरवणाऱ्या समितीवरचा तर मुळीच नको.